चर्चगेटचं चर्च चर्चगेटला नाहीये! सेंट थॉमस कॅथेड्रल आणि फोर्टमधला एक दिवस

सरळ मुद्द्यावर येते. फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथेड्रल, पाचपैकी साडेचार. आणि त्याच्या आजूबाजूचा पायी फिरायचा पट्टा, म्हणजे हुतात्मा चौक, हॉर्निमन सर्कल, एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्या आणि काळा घोडा, याला पाचपैकी पाच, पण रविवारी. तोच पट्टा कामाच्या दिवशी भर दुपारी कराल तर मी तीन देईन आणि तेही उदार होऊन, कारण फूटपाथवर झेरॉक्सवाले, डबेवाले, वकील, बँकवाले सगळे एकदम उतरतात आणि तुम्ही मान वर करून इमारत बघायला थांबलात की मागून कोणीतरी खांदा मारून पुढे जातोच.

आम्ही नाशिकहून पंचवटी एक्सप्रेसनं गेलो, मी, आई आणि कॉलेजमधला भाचा. मुंबईला एका दिवसासाठी जाणारे बहुतेक लोक गेटवे, ताज, मरीन ड्राइव्ह, जमलंच तर राणीची बाग करून परत येतात. आम्हीपण वर्षानुवर्षं तेच करत आलोय. यावेळी ठरवलं की चर्च आधी, गेटवे वेळ उरला तर. आणि खरंच सांगते, या क्रमानं गेलात तर बाकीचं फोर्ट आपोआप समजत जातं, कारण ज्या शहराला आपण आज साऊथ बॉम्बे साऊथ बॉम्बे म्हणतो ते या चर्चच्या भोवतीच वाढलं. इतकं की पूर्वी मुंबईत रस्त्यांवर जे मैलाचे दगड लावले होते त्यांचं अंतर इथूनच मोजायचे, म्हणजे शून्य मैल म्हणजे हे चर्च.

कसं जायचं? सीएसएमटीवरून चालत. डॉ. डी. एन. रोडनं सरळ. त्या रस्त्याच्या इमारतींना खालून कमानींचे व्हरांडे आहेत त्यामुळे उन्हातपण सावलीतून चालता येतं, आईचे गुडघे दुखतात तरी तिनं काही कुरकुर केली नाही. टॅक्सीच्या भानगडीत पडू नका, एवढ्याशा अंतराला कोणी पटकन येत नाही आणि तुम्ही चर्च म्हणालात की तो चर्चगेट स्टेशन समजतो. आता भुयारी मेट्रोचं हुतात्मा चौक स्टेशनही झालंय, उपनगरातून येणाऱ्यांना ते सगळ्यात सोयीचं.

आता चर्चगेट स्टेशनजवळ ज्याच्या नावानं गेट होतं ते चर्च का नाही, हा प्रश्न भाच्यानं गाडीतच विचारला होता. त्याचं उत्तर हुतात्मा चौकात उभं राहिलं की मिळतं. इंग्रजांच्या किल्ल्याला तीन दरवाजे होते, अपोलो गेट, बाजार गेट आणि चर्च गेट. चर्चकडे जाणारा तो चर्च गेट. आज जिथे फ्लोरा फाउंटन आहे तिथे हा दरवाजा होता. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरनं किल्ल्याची तटबंदी पाडून टाकली, दरवाजा गेला, १८६४ मधे त्या जागी कारंजं आलं, आणि नाव मात्र तिकडे पश्चिमेला स्टेशनला चिकटलं. चर्च आहे त्याच जागी आहे, फक्त स्टेशन आणि चर्चच्या मधे साधारण एक किलोमीटर अंतर आहे, सरळ वीर नरिमन रोडनं. चर्चगेटवरून चालत आलात तर वाटेत क्रॉस मैदानाच्या कोपऱ्याला भिका बेहराम विहीर लागते, १७२५ सालची, पारशी लोकांची पवित्र जागा, आत फक्त पारशी जाऊ शकतात म्हणून बाहेरूनच बघा आणि पुढे व्हा.

फ्लोरा फाउंटन खरं तर राणीच्या बागेत बसवायचं होतं, नंतर इथे आणलं. पोर्टलँडचा दगड, वर रोमन देवी फ्लोरा. २०१९ च्या सुरुवातीला दुरुस्ती होऊन परत सुरू झालं तेव्हापासून फार छान दिसतंय. पण आपल्यासाठी त्या चौकात खरं बघायचं ते शेजारचं हुतात्मा स्मारक. मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार. २१ नोव्हेंबर १९५५ ला याच ठिकाणी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला होता. आई तिथे बराच वेळ थांबली, हात जोडले. तिच्या वडिलांच्या तोंडून तिनं त्या चळवळीच्या गोष्टी ऐकलेल्या. बाजूला दोन मुली रील काढत होत्या, असो.

तिथून वीर नरिमन रोडनं आत पाच मिनिटं चाललं की डाव्या-उजव्या उंच ऑफिस बिल्डिंगांच्या मधे एकदम एक फिकट पांढरा मनोरा दिसतो, घड्याळाचा. गेटमधून आत गेलं की दारासमोर एक नक्षीदार कारंजं आहे, ते कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी पैसे दिलेलं आणि डिझाइन जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचं, तोच ज्यानं राजाबाई टॉवरचा आराखडा केला. म्हणजे अँग्लिकन चर्चच्या दारात पारशी माणसाच्या दानाचं कारंजं. मुंबई म्हणजे हेच असं आईला म्हणणार होते, पण तिचं लक्ष दुसरीकडेच. "अगं, चप्पल काढायची का?" मला पण नक्की सांगता येईना. आतल्या एका काकांनी बघितलं आणि म्हणाले, "नको मावशी, तशाच या, फक्त मोबाइल सायलेंट ठेवा." एवढ्यावर काम झालं. तिकीट नाही, काही नाही.

आत शिरल्यावर पहिली गोष्ट म्हणजे थंडावा आणि दुसरी म्हणजे आवाज गायब. बाहेर हॉर्न चालूच असतात पण भिंती इतक्या जाड आहेत की काही आत येत नाही. उंच पांढरे खांब, वर छत, लाकडी बाक, पुढे वेदीच्या मागे रंगीत काचा. दुपारी ऊन असताना गेलात तर काचा जास्त छान दिसतात. १९११ मधे पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी मुंबईत आले तेव्हा इथे प्रार्थनेला बसले होते.

बांधकामाची गोष्ट मजेशीर आहे, एकदम आपल्याकडच्या रखडलेल्या उड्डाणपुलासारखी. मुंबई पोर्तुगीजांकडून इंग्लंडच्या राजाकडे आली, राजानं १६६८ मधे वर्षाला १० पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. मग गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिअर म्हणाला इथल्या इंग्रजांना चर्च पाहिजे, १६७६ मधे पायाभरणी झाली, आणि पुढच्याच वर्षी ऑन्जिअर गेला. भिंती थोड्या वर आल्या आणि काम बंद. बंद म्हणजे चाळीसेक वर्षं बंद! शेवटी रिचर्ड कॉब नावाचा पाद्री आला, त्यानं लोकांच्या मागे लागून लागून वर्गणी गोळा केली आणि १७१८ च्या नाताळच्या दिवशी चर्च उघडलं. कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं चर्च, हा दर्जा १८३७ मधे मिळाला, पुढच्या वर्षी मनोरा आणि घड्याळ आलं. २००४ मधे जीर्णोद्धाराच्या कामाला युनेस्कोचं बक्षीसही मिळालंय आणि ते का मिळालं हे आत गेल्यावर कळतं, उगाच चकचकीत केलेलं नाहीये, जुनं आहे ते जुनंच ठेवलंय.

पण इथे वास्तू बघायला जाऊ नका, म्हणजे बघा, पण त्यासाठी साडेचार दिलेले नाहीत. दिलेत ते भिंतींसाठी. चारी बाजूंना संगमरवरी शिळा आणि पुतळे लावलेत, गेलेल्या माणसांच्या आठवणीत. कॅप्टन हार्डिंज म्हणून एक आरमारी अधिकारी, १८०८ मधे फ्रेंचांच्या जहाजाशी लढताना गेला. कोणी लढाईत गेलं, कोणी बुडालं आणि कितीतरी जण नुसते तापानं. वयं वाचत गेलात तर पोटात गोळा येतो, विशी-तिशीतली माणसं, बायका, तान्ही मुलं. त्या काळी इंग्रजांमधे म्हणायचेच की मुंबईत माणसाचं आयुष्य म्हणजे दोन पावसाळे. मलेरिया, पटकी, दलदल. आपल्याला शाळेत शिकवलेला इंग्रज म्हणजे साहेब, घोड्यावर बसलेला, हातात चाबूक. इथे तो साहेब तेविसाव्या वर्षी तापानं मेलेला असतो आणि त्याच्या आईनं तिकडून दगड पाठवलेला असतो. भाचा सुरुवातीला मोबाइल काढून बसला होता तो पण नंतर एकेक शिळा वाचत फिरायला लागला, "मावशी ही बघ, ही तर माझ्याच वयाची." अक्षरं काही ठिकाणी बारीक आहेत आणि उंचावर आहेत, चष्मा असेल तर विसरू नका.

सगळ्यात जास्त वेळ थांबण्यासारखं स्मारक म्हणजे गव्हर्नर जोनाथन डंकनचं, मृत्यू १८११. यानं बनारसकडे आणि काठियावाडात जन्मलेल्या मुलींना मारून टाकायची प्रथा बंद करायला प्रयत्न केले, ते त्याच्या स्मारकावर कोरलंय, इथली पोरं त्याला आशीर्वाद देतायत असं दाखवलंय. काम चांगलं होतं यात वाद नाही. पण दगडात ते ज्या थाटात कोरलंय, मोठा साहेब आणि खाली कृतज्ञ नेटिव्ह, ते बघून मला जरा टोचलंच. आईला नाही टोचलं. ती म्हणाली, "मुली वाचल्या ना, मग बसू दे त्याला वर." दोघींचं आपापल्या जागी बरोबर आहे असं म्हणून पुढे गेलो.

आता तो कापलेला अर्धा मार्क. चर्चची चूक नाही त्यात. पण या भिंती एकाच बाजूनं बोलतात. १७१८ ला उद्घाटन झालं तेव्हा रामा कामाठी नावाचा मुंबईतला बडा हिंदू असामी आपल्या जातभाईंना घेऊन समारंभ बघायला आला होता, कॉबनंच ते लिहून ठेवलंय. हाच तो माणूस ज्यानं वाळकेश्वरच्या देवळाच्या पुन्हा बांधकामाला हात लावला. कंपनीचा विश्वासू, सैन्य उभं करून देणारा. आणि त्यानंतर थोड्याच काळात त्याच्यावर आरोप आला की हा कान्होजी आंग्र्यांना फितूर आहे, पत्रं सापडली, खटला झाला, मालमत्ता गेली, तुरुंगात गेला. पुढे असं बाहेर आलं की ती पत्रं बनावट होती. तोवर त्याचा काही उपयोग नव्हता. गव्हर्नर चार्ल्स बून, ज्याच्या कारकिर्दीत चर्च उघडलं, त्याच्याच काळात हा खटला. मी शिळा बघताना सारखं हेच डोक्यात घेऊन फिरत होते, दारात येऊन गाणी ऐकत उभा असलेला तो माणूस. त्याची शिळा मला काही दिसली नाही. तुम्ही जाल तेव्हा ही गोष्ट माहीत असू द्या, मग चर्च वेगळं दिसतं.

चर्चमधे तास-दीड तास गेला. मला वाटलं होतं वीस मिनिटांत आटपेल.

बाहेर पडलं की अगदी समोरच हॉर्निमन सर्कल. गोल बाग आणि तिच्याभोवती अर्धगोलात एकसारख्या इमारती, कमानींचे व्हरांडे, कमानींच्या माथ्यावर कोरलेले चेहरे, ते नक्की बघा. आधी ही मोकळी जागा होती, बॉम्बे ग्रीन, इथे कापसाच्या गासड्या पडलेल्या असायच्या. १८७२ च्या सुमारास बाग झाली आणि नाव गव्हर्नर एल्फिन्स्टनवरून एल्फिन्स्टन सर्कल. स्वातंत्र्यानंतर नाव दिलं बेंजामिन हॉर्निमनचं, बॉम्बे क्रॉनिकलचा संपादक, इंग्रज असून इंग्रज सरकारला असा काही झोडायचा की १९१९ मधे सरकारनं त्याला उचलून परत इंग्लंडला पाठवलं. गव्हर्नरचं नाव काढून पत्रकाराचं दिलं हे मला फार आवडतं. बागेत झाडं मोठी आहेत, बाकं आहेत, आईनं तिथे पाय मोकळे केले. शेअर बाजाराची सुरुवात पण याच भागातली, टाऊन हॉलसमोर वडाच्या झाडाखाली दलाल जमायचे १८५० च्या दशकात. भाच्याला शेअर्सचं नवीन वेड आहे, त्यामुळे एवढी एकच माहिती त्यानं मन लावून ऐकली.

बागेच्या एका टोकाला गेलं की समोर एशियाटिक, म्हणजे जुना टाऊन हॉल, १८३३ चा. पांढरेशुभ्र जाड खांब आणि समोर तीस पायऱ्या. फोटो सगळे तिथेच काढतात, तुम्हीपण काढाल. रविवारी आम्ही नुसत्या पायऱ्या बघितल्या, पण आतलं बघायचं असेल तर कामाच्या दिवशी या आणि आधी विचारा, कारण ते वाचनालय आहे, प्रेक्षणीय स्थळ म्हणून घुसायचं नाही. दांतेच्या डिव्हाइन कॉमेडीचं जुनं हस्तलिखित यांच्याकडे आहे. आणि नालासोपाऱ्याच्या स्तूपात १८८२ मधे भगवानलाल इंद्रजींना जे बुद्धाचे अवशेष सापडले तेही एशियाटिककडेच. लोकलमधे नालासोपारा ऐकून आपल्याला गर्दी आठवते, तिथे दोन हजार वर्षांपूर्वी भरभराटीचं बंदर होतं.

जवळच मुंबई समाचारची लाल इमारत आहे. १८२२ पासून निघणारं गुजराती वर्तमानपत्र, आजही निघतं. बाहेरूनच बघायची, दोन मिनिटं.

जेवणाचं थोडक्यात सांगते. फोर्टमधली बरीच हॉटेलं रविवारी बंद असतात हे लक्षात ठेवा, तो रविवारचा तोटा. एका ठिकाणी (नाव घेत नाही) आम्हाला थाळी मागवून पाऊण तास बसवलं आणि मग म्हणे पोळ्या संपल्या. उठून एका इराण्याकडे गेलो, बन मस्का, चहा, आईनं मावा केक, आणि पोट भरलं. शाकाहारी असाल तर गल्लीतली उडपी हॉटेलं सगळ्यात बिनधास्त.

दुपारनंतर काळा घोडा. हा भाग मी भराभर उरकला, कारण खरं सांगायचं तर चर्चनंतर सगळं थोडं फिकं वाटतं. घोडा बघायचा तर तोही मूळचा नाही, मूळ पुतळ्यावर सातवा एडवर्ड बसलेला होता, तो १९६५ मधे राणीच्या बागेत हलवला, मग बरीच वर्षं काळा घोडा नावाच्या ठिकाणी घोडाच नव्हता, २०१७ मधे नवीन बसवला, स्वार नसलेला. हा जास्त चांगला. शेजारी १८८४ चं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग, निळं, हल्लीच रंगवून काढल्यामुळे लांबूनच दिसतं, आत जायला ओळखपत्र लागू शकतं तर जवळ ठेवा. डेव्हिड ससून लायब्ररी, जहांगीर आर्ट गॅलरी एकाच रस्त्यावर. जहांगीरमधे चित्र कळो न कळो, जा, बसायला आणि गारव्याला जागा आहे. म्युझियम मात्र या दिवसात घुसडू नका, त्याला अख्खा वेगळा दिवस लागतो, नाहीतर पाय दुखतात आणि डोक्यात काहीच राहत नाही.

राजाबाई टॉवर ओव्हल मैदानावरून बघा, तिथून पूर्ण दिसतो, २८० फूट उंच, प्रेमचंद रायचंदांनी आईच्या नावानं बांधायला पैसे दिले. आणि मग पाठ फिरवली की मैदानाच्या दुसऱ्या बाजूला गोलसर आर्ट डेको इमारती. एका बाजूला व्हिक्टोरियन गॉथिक, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको, मधे पोरं क्रिकेट खेळतायत. या दोन्ही बाजू मिळून २०१८ मधे जागतिक वारसा यादीत आल्या. हे बघायला एक रुपया लागत नाही.

गेटवेला आम्ही गेलो, पण उगाच गेलो असं माझं मत. १९२४ ला पूर्ण झालेली कमान आहे, चांगलीच आहे, पण रविवारी संध्याकाळी तिथे माणसांची डोकी बघायची की समुद्र बघायचा हे ठरवावं लागतं. आईला मात्र ताजच्या समोर फोटो पाहिजेच होता, "शेजारच्या वहिनींना दाखवायचाय." काढला.

जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी. चर्चमधे रविवारी सकाळी प्रार्थना असते, त्या वेळात फिरायला आणि फोटो काढायला जाऊ नका, आम्ही पोचलो तोवर ती आटोपलेली होती म्हणून बरं. फोटोचं आत विचारून घ्या आणि फ्लॅश तर अजिबात नको. खांदे झाकतील असे साधे कपडे. लहान मुलं असतील तर आधी बाग दाखवा, दमू द्या, मग चर्चमधे न्या. आणि पावसाळ्यात जाणार असाल तर डी. एन. रोडचे व्हरांडे आहेत म्हणून निम्मं अंतर तरी कोरडं निघतं, हॉर्निमन सर्कलच्या व्हरांड्यातही उभं राहता येतं. पंचवटीनं एका दिवसात हे सगळं आरामात होतं, फक्त गेटवे गाळलात तर परतीच्या गाडीला धावपळ होणार नाही, आमची झाली, आणि आई डब्यात बसेपर्यंत मला एक शब्द बोलली नाही.